साक्ष खुल्या न्यायालयात, मग छापण्यास मनाई कशासाठी?

पनवेल : न्यायालयाच्या दालनात शेवटच्या बाकावर बसून टिपणे घेणाऱ्या वार्ताहराला एक विनंती वरचेवर ऐकावी लागते. साक्ष देऊन बाहेर पडलेला माणूस व्हरांड्यात गाठतो आणि हळू आवाजात म्हणतो, 'साहेब, माझं नाव तेवढं पेपरात देऊ नका.' कोणाला आरोपीच्या माणसांची भीती असते, कोणाला नात्यागोत्यात शोभा होण्याची, तर कोणाला दुकानावर परिणाम होण्याची. विनंती करण्याचा त्याला अधिकार आहे आणि ती मानायची की नाही, हे वार्ताहर आणि त्याचा संपादक ठरवतात. बहुतेक वेळा नाव गाळले जाते, साक्ष छापली जाते. पण हीच विनंती त्याने थेट न्यायाधीशांना केली, आणि 'या माणसाची साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये' असा आदेश न्यायासनावरून सुटला तर? साक्ष खुल्या न्यायालयात झाली आहे, पन्नास माणसांनी ती ऐकली आहे, पण पन्नासाव्यानंतरच्या एकाही नागरिकाला ती वाचता येणार नाही, अशी स्थिती निर्माण होते. ही कल्पित अडचण नाही. मुंबई उच्च न्यायालयात १९६४ साली नेमके हेच घडले, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने दिलेला निकाल आजही कायदा म्हणून उभा आहे.

पनवेलकरांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे ११ एप्रिल २०१६ च्या रात्रीपासून बेपत्ता झाल्या. अपहरणाचा गुन्हा नोंदवला जाण्यास २०१७ साल उजाडावे लागले. वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात, २०१७ च्या प्रजासत्ताकदिनी, त्याच्या नावावर राष्ट्रपतींचे पोलीस पदकही जमा झाले होते. मृतदेह कधीच सापडला नाही. सारी भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर, म्हणजेच मोबाइलच्या नोंदींवर आणि एकामागून एक आलेल्या साक्षींवर होती. पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कुरुंदकरला दोषी ठरवून जन्मठेप दिली. ज्या प्रकरणात आरोपीही पोलीस, तपास करणारेही पोलीस आणि दिरंगाईचा ठपकाही पोलिसांवरच, त्या प्रकरणात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात काय बोलले जाते, हे लोकांपर्यंत रोजच्या रोज पोहोचणे किती मोलाचे होते, हे निराळे सांगायला नको. या खटल्यातील साक्षींच्या बातम्यांवर बंदी असती, तर निकालाच्या दिवशी वाचकाच्या हाती केवळ शिक्षेचा आकडा आला असता.

'ब्लिट्झ', ठाकरसी आणि एक घाबरलेला साक्षीदार

आता १९६४ कडे. रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने सप्टेंबर १९६० मध्ये उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांच्या कंपन्यांवर आयात परवान्यांच्या गैरवापराचा आरोप करणारा लेख छापला. त्याच्या मथळ्यात, हे प्रकरण मुंदडा प्रकरणाहूनही मोठे असल्याचे म्हटले होते. ठाकरसी यांनी उच्च न्यायालयात तीन लाख रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो न्या. व्ही. एम. तारकुंडे यांच्यापुढे चालला. बचाव पक्षाच्या साक्षीदारांत भाईचंद गोडा नावाचे एक व्यापारी होते. आपल्या पूर्वीच्या प्रतिज्ञापत्रातील विधानांपासून ते साक्षीच्या वेळी मागे सरकले. आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची परवानगी बचाव पक्षाला मागावी लागली. आजच्या भाषेत सांगायचे तर साक्षीदार फितूर झाला.

गोडा यांच्या पहिल्या साक्षीचे वृत्तांत वृत्तपत्रांत आले होते. त्यामुळे आपल्या धंद्याचे नुकसान झाले, तेव्हा यापुढची साक्ष छापली जाऊ नये, अशी विनंती त्यांनी २३ ऑक्टोबर १९६४ रोजी न्यायाधीशांना केली. न्या. तारकुंडे यांनी ती मान्य केली आणि साक्ष प्रसिद्ध करू नये असे तोंडी बजावले. 'ब्लिट्झ'तर्फे लेखी आदेशाची मागणी झाली, तेव्हा तोंडी आदेश पुरेसा आहे, त्याचे पालन होईल अशी अपेक्षा आहे, असे उत्तर मिळाले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की सुनावणी बंद दालनात झाली नाही. दार उघडे होते, कोणीही आत येऊन ऐकू शकत होते. बंदी होती ती फक्त लिहिण्यावर.

'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर यांनी आधी उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयीन आदेशाविरुद्ध रिट चालत नाही म्हणून ती फेटाळली गेली. मग मिरजकर आणि अन्य तीन पत्रकारांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. अनुच्छेद १९(१)(अ) ने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यावर हा आदेश घाला घालतो, हे त्यांचे म्हणणे. ३ मार्च १९६६ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पीठातील आठ न्यायाधीश याचिका फेटाळण्याच्या बाजूने होते, एकटे न्या. एम. हिदायतुल्ला विरोधात. गजेंद्रगडकर त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच निवृत्त झाले.

बहुमताच्या युक्तिवादाचे दोन पाय होते. पहिला असा, की न्यायाधीशाने आपल्यापुढील वादात दिलेला न्यायिक निर्णय नागरिकाच्या मूलभूत हक्कांचा भंग करतो असे म्हणताच येत नाही. निर्णय चुकीचा असू शकतो, त्याविरुद्ध अपील असते. पण तो कायदेमंडळाने केलेल्या कायद्यासारखा किंवा सरकारी फर्मानासारखा नव्हे. दुसरा असा, की न्यायाची प्रक्रिया खुली असावी हे तत्त्व मान्य असले, तरी ते न्यायासाठी आहे. खुलेपणामुळेच न्यायाचा हेतू फसणार असेल, साक्षीदाराला निर्भयपणे खरे बोलता येणार नसेल, तर सुनावणी बंद दालनात घेण्याचा किंवा वृत्तांत रोखण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे. तारकुंडे यांचा आदेश कायमचा नसून खटला चालू असेपर्यंतचाच होता, असाही अर्थ बहुमताने लावला. तो तोंडी असल्यामुळे त्याचा अर्थ नंतर लावावा लागला, हेच खरे तर त्यातील वैगुण्य होते.

न्या. हिदायतुल्ला यांना हे पटले नाही. लष्करी गुपित, अल्पवयीन मुले, व्यापारी सूत्रे अशी योग्य कारणे असतील तर न्यायालयाने दारे बंद करावीत. पण दार उघडे ठेवून लेखणी बंद करणे, तेही एका साक्षीदाराच्या धंद्याला झळ पोहोचते म्हणून, हे त्यांना मान्य नव्हते. न्यायाधीशाच्या आदेशानेही मूलभूत हक्क दुखावला जाऊ शकतो, ही त्यांची भूमिका होती. प्रस्तुत वार्ताहराला पदविकेच्या वर्गात हा खटला एका परिच्छेदात उरकून शिकवला गेला, तो बहुमताच्या बाजूने. अल्पमताचे मत पुढे स्वतःहून वाचले, तेव्हा वकिली पुस्तकात अडकलेली ती पाने खरे तर वृत्तपत्राच्या कार्यालयात लावायला हवी होती, असे वाटून गेले.

या कथेतील दैवगती काही कमी नाही. ज्यांची साक्ष झाकायची होती, त्या गोडा यांचे नाव या निकालामुळे देशभरातील कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाचनात आले. एरवी ते आठवडाभरात विसरले गेले असते. करंजिया दावा हरले. भरपाई ठोठावली गेली, पुढे अपिलात ती कमी झाली. आणि आदेश देणारे तारकुंडे? मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांत घडलेला हा सासवडचा माणूस १९६९ मध्ये न्यायाधीशपद सोडून बाहेर पडला आणि पुढे जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचा आधारस्तंभ बनला. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरशिपविरुद्ध ठाम उभे राहिलेल्या मोजक्या नावांत त्यांचे नाव घ्यावे लागते. म्हणजे बंदीचा हा आदेश कोणा हुकूमशाही वृत्तीच्या माणसाने नव्हे, तर स्वातंत्र्याची चाड असलेल्या न्यायाधीशाने, समोर उभ्या असलेल्या माणसाची अडचण पाहून दिला होता. या प्रश्नाचा अवघडपणा तेथेच आहे.

अमेरिकेतील गुप्त ज्युरी

हाच पेच अमेरिकेत निराळ्या रूपात येतो. तेथे गंभीर गुन्ह्यात आरोप ठेवावा की नाही, हे अनेक ठिकाणी नागरिकांची 'ग्रँड ज्युरी' ठरवते. संघराज्याच्या न्यायालयांत तिचे सदस्य १६ ते २३ असतात. सरकारी वकील पुरावा मांडतो, न्यायाधीश समोर नसतो, संशयिताचा वकीलही नसतो, आणि सारे कामकाज गुप्त चालते. संशयिताने पळून जाऊ नये, साक्षीदाराने मोकळेपणी बोलावे, आणि आरोपच ठेवला गेला नाही तर निर्दोष माणसाच्या नावाला डाग लागू नये, ही त्यामागची कारणे. ब्रिटिशांनी ही पद्धत मुंबईतही आणली होती. एकोणिसाव्या शतकात ती मोडीत निघाली. साधी ज्युरी नानावटी खटल्यापर्यंत टिकली. १९५९ मध्ये त्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष म्हटले, आणि त्या वेळीही नानावटींच्या बाजूने रान उठवणारे साप्ताहिक 'ब्लिट्झ'च होते.

फ्लोरिडा राज्यातील मायकेल स्मिथ या वार्ताहराला १९८६ मध्ये ग्रँड ज्युरीपुढे साक्षीला बोलावण्यात आले. स्थानिक सरकारी वकिलांच्या कार्यालयातील आणि शेरीफच्या खात्यातील गैरप्रकारांविषयी त्याला माहिती होती, आणि त्यावर त्याने लिहिलेही होते. साक्ष झाल्यावर त्याला बजावले गेले, की आत काय सांगितले हे बाहेर उघड केल्यास तो गुन्हा ठरेल. आणि ही बंदी कायमची. स्मिथला त्या विषयावर बातमी आणि पुस्तक लिहायचे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९० मध्ये एकमताने कायद्याचा तेवढा भाग रद्द केला. मुख्य न्यायाधीश विल्यम रेहनक्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की ग्रँड ज्युरीचे काम संपल्यावर साक्षीदाराला स्वतःला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट सांगण्यापासून राज्य रोखू शकत नाही. दुसऱ्याच्या साक्षीची गुप्तता मात्र त्यांनी शाबूत ठेवली.

दुसऱ्याची साक्ष फोडली तर काय होते, हे २००४ नंतर सॅन फ्रान्सिस्कोत दिसले. बेसबॉलपटू बॅरी बाँड्स आणि उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणातील ग्रँड ज्युरीपुढील साक्षी 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'च्या दोन वार्ताहरांनी छापल्या. माहिती देणाऱ्याचे नाव सांगण्यास नकार दिला म्हणून २००६ मध्ये त्यांना १८ महिन्यांपर्यंतची कैद सुनावली गेली. फेब्रुवारी २००७ मध्ये एका वकिलाने आपणच कागद फोडल्याचे कबूल केले, आणि त्यांचा तुरुंग टळला.

गुप्त ते उघड, उघड ते गुप्त

आपल्याकडे ग्रँड ज्युरी नाही, पण गुप्त ठेवण्याजोगे जबाब आहेत. दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला जाणारा जबाब, जो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली होत असे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो, तो त्यातला सर्वांत महत्त्वाचा. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेच्या अशा जबाबाची प्रत दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत कोणालाही देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२० मध्ये पुन्हा बजावले. अशा गुन्ह्यांचे खटले बंद दालनात चालतात, त्यांचे वृत्तांत परवानगीविना छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७३ खाली गुन्हा आहे, पीडितेची ओळख उघड करणे कलम ७२ खाली. या मनाईला कोणत्याही जबाबदार पत्रकाराचा विरोध असू नये. ती कायद्याने लिहिलेली आहे, कोणासाठी आहे हे स्पष्ट आहे, आणि एखाद्याच्या तोंडी शब्दावर अवलंबून नाही.

व्यवहारात मात्र उफराटे चित्र दिसते. तपास सुरू असताना जे झाकलेले राहायला हवे, ते पोलिसांच्या 'सूत्रां'कडून वाहिन्यांच्या पडद्यावर येते. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात २०२० साली त्याचा कळस झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला माध्यमांच्या समांतर खटल्यांविषयी सविस्तर निकाल द्यावा लागला. आपल्या व्यवसायाची ती नाचक्की होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट, जे कायद्यानेच उघड आहे, त्या खुल्या सुनावणीवर बंदी मागितली जाते, आणि कधी ती मिळतेही.

सोहराबुद्दीन शेख चकमक खटला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुजरातेतून मुंबईत आणला, तो निष्पक्ष सुनावणी व्हावी म्हणूनच. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी साक्षी सुरू होण्याच्या सुमारास आरोपींच्या वतीने अर्ज झाला, आणि विशेष न्यायालयाने आरोपी, साक्षीदार व वकील यांच्या सुरक्षेचे कारण देऊन कामकाजाच्या वार्तांकनावर बंदी घातली. मुंबईतील नऊ पत्रकार आणि बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्स उच्च न्यायालयात गेले. २४ जानेवारी २०१८ रोजी न्या. रेवती मोहिते-डेरे यांनी ती बंदी रद्द केली. सत्र न्यायालयाला असा अधिकार कायद्याने दिलेलाच नाही, आणि वार्तांकनाचा हक्क हा खुल्या सुनावणीच्या तत्त्वातच अंतर्भूत आहे, असे त्यांनी म्हटले. मिरजकर निकालातील अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाचा; त्याच्या आधारे खालच्या न्यायालयाला वृत्तपत्रांचे तोंड बंद करता येत नाही, ही रेघ तेव्हा ठळक झाली.

त्यानंतर काय झाले? डिसेंबर २०१८ मध्ये सर्व २२ आरोपी निर्दोष सुटले. तपासलेल्या २१० साक्षीदारांपैकी ९२ फितूर झाले होते. निकाल बरोबर की चूक, हा निराळा विषय आहे. परंतु पहिला फितूर झाला, मग दहावा, मग पन्नासावा, हे बंदी टिकली असती तर घडताना कोणाला कळलेच नसते. येथे १९६४ ची आठवण पुन्हा होते. साक्ष छापू नका म्हणणारे गोडा हेही आपल्या जुन्या विधानावरून मागे सरकलेले साक्षीदार होते. प्रसिद्धीमुळे साक्षीदार घाबरतो हे खरे असेल; पण फिरलेल्या साक्षीदाराला प्रसिद्धीची सर्वाधिक अडचण होते, हेही तितकेच खरे आहे. न्यायाधीशापुढे अर्ज येतो तेव्हा या दोघांतील फरक करणे सोपे नसते.

साक्षीदाराच्या भीतीवर उपाय नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मंजूर करून ती देशभर लागू केली. ओळख झाकणे, पोलीस संरक्षण, निवासाची दुसरी सोय अशा तरतुदी तीत आहेत. नव्या संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना आखणे बंधनकारक केले आहे. साक्षीदाराला आरोपीच्या माणसांकडून धोका असेल, तर त्याच्या दारात शिपाई हवा. वृत्तपत्रात चार ओळी आल्या नाहीत म्हणून धमकी देणारा थांबत नाही, कारण धमकी देणारा सहसा न्यायालयातच बसलेला असतो आणि त्याला साक्ष कानांनी ऐकू येते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये सहारा विरुद्ध सेबी प्रकरणात या साऱ्याला एक चौकट देण्याचा प्रयत्न केला. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या पीठाने म्हटले, की निष्पक्ष सुनावणीला खरा आणि भरीव धोका असेल, आणि दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल, तरच वार्तांकन पुढे ढकलण्याचा आदेश द्यावा. तोही मर्यादित काळासाठी. आधार अर्थातच मिरजकर. या निकालावर त्या वेळी पत्रकारांनी बरीच टीका केली, आणि चौकट असल्याने मागणी वाढेल ही भीती निराधार नव्हती. तरी १९६४ च्या तोंडी आदेशाशी तुलना करता येथे निदान कारण आणि मुदत लिहावी लागते. गंमत अशी, की २०१८ मध्ये न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाला परवानगी देतानाही सर्वोच्च न्यायालयाने मिरजकर निकालातील खुल्या न्यायाच्या महतीचाच हवाला घेतला. ज्या निकालाने बंदी उचलून धरली, तोच आता कॅमेऱ्यांसाठी दाखला झाला आहे.

फ्लोरिडाच्या स्मिथचा प्रश्न, म्हणजे स्वतःची हकिकत स्वतः सांगण्याचा, आपल्याकडे २०२१ मध्ये आला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिलेल्या आदेशात पक्षकार, वकील आणि साक्षीदार या सर्वांना न्यायालयाच्या अनुमतीविना कागदपत्रांतील मजकूर माध्यमांना किंवा समाजमाध्यमांवर देण्यास मनाई होती. हेतू दोन्ही बाजूंची ओळख जपण्याचा, आणि तो प्रामाणिक होता यात शंका नाही. पण ज्या स्त्रीला आपली ओळख लपवायचीच नाही, जिला आपल्यावर गुदरलेला प्रसंग स्वतःच्या नावानिशी सांगायचा आहे, तिनेही परवानगीसाठी रांगेत उभे राहावे काय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. इंग्लंडमध्ये १९१३ साली स्कॉट विरुद्ध स्कॉट खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने असाच प्रश्न पत्नीच्या बाजूने सोडवला होता. बंद दालनात चाललेल्या आपल्या विवाहाच्या खटल्याचे टिपण तिने नवऱ्याच्या नातेवाइकांना पाठवले, म्हणून तिला अवमानाची दोषी ठरवण्यात आले होते. लॉर्ड्सनी ते रद्द केले.

मिरजकर निकाल नऊ न्यायाधीशांचा आहे. तो बदलायचा तर त्याहून मोठे पीठ बसवावे लागेल, आणि तशी शक्यता नजीकच्या काळात दिसत नाही. म्हणून लढाई तपशिलांची राहते : आदेश लेखी आहे का, कारण दिले आहे का, मुदत घातली आहे का, आणि ज्याच्यावर बंदी येते त्या वृत्तपत्राला आधी ऐकून घेतले का. मुंबईच्या पत्रकारांना २०१८ मध्ये संघटना होती, वकील होते, उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर होते. तरीही बंदी उठायला ५६ दिवस लागले. पनवेल, अलिबाग किंवा माणगावच्या न्यायालयात एखाद्या दुपारी असा तोंडी शब्द सुटला, तर तेथील एकट्या वार्ताहराने वही मिटून घरी जाण्यापलीकडे काय करावे? अपिलाला जोडायची आदेशाची प्रतच त्याच्याजवळ नसेल. मिरजकर यांच्याजवळही ती नव्हती. न्यायाधीश काय बोलले, हे त्यांना प्रतिज्ञापत्र करून सांगावे लागले होते.